छत्तीस रंगांची पेटी आणि पापड झालेला कागद

प्रश्न: मी अकोल्याची, वय ५४. गेली पंचवीस वर्षं घरी ब्लाउज शिवते. मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मशीनवर बसणं कमी झालंय. वेळ जावा म्हणून मुलीनं ३६ जलरंगांची पेटी आणि सात ब्रशांचा संच आणून दिला. शाळेत एलिमेंटरीला ‘बी’ ग्रेड मिळाली होती, त्या जोरावर बसले. तीन महिने झाले. कागद पापडासारखा फुगतो. रंग ओले असताना छान दिसतात आणि वाळले की मरगळतात. आकाशात फुलकोबीसारखे डाग उठतात, आणि दुरुस्त करायला गेले की सगळा चिखल होतो. व्हिडिओत एक बाई पंधरा मिनिटांत अख्खा घाट रंगवते, माझ्याकडून दोन वांगी होत नाहीत. काय चुकतंय? आणखी भारी रंग घेऊ का? क्लास लावू का? की आता हे शिकायचं वय राहिलं नाही?

उत्तर:

ताई, नमस्कार.

पत्रासोबतचे तिन्ही फोटो निवांत पाहिले. सूर्यास्त, घरासमोरचा कडुनिंब आणि ती दोन वांगी. वांग्यांचं रेखाटन चांगलं आहे. देठाचा तो काटेरी वाकडेपणा ज्या हातानं टिपला, त्या हातात काही खोट नाही, तेव्हा वयाचा प्रश्न इथेच निकालात काढू. पंचवीस वर्षं कापडावर कैची चालवणाऱ्या बाईनं मला हाताबद्दल विचारावं, हेच मला गमतीचं वाटलं.

तुमचा कागद वाईट आहे. आणि तुम्हाला घाई आहे. बाकी सगळ्या तक्रारी या दोन्हीच्या पोटात येतात.

कागदापासून सुरुवात करतो, कारण तो तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजेल. नवं सुती कापड आणलं की त्याला खळ असते. पाणी टाकलं तर आधी थेंब वर राहतो, मग हळूहळू झिरपतो. तेच कापड दोन-तीनदा धुतलं, खळ गेली, की पाणी पडताक्षणी आत. जलरंगाच्या कागदालाही अशीच खळ दिलेली असते, जिलेटिनची किंवा तसल्याच एखाद्या द्रव्याची. तिच्यामुळे रंगाचं पाणी काही काळ वरच्या वर राहतं, तुम्हाला ते पसरवायला, उचलायला, शेजारच्या रंगात मिसळायला सवड मिळते. तुम्ही वापरताय ती शाळेच्या प्रोजेक्टची कार्डशीट दिसते. तिला ही खळ जवळजवळ नाहीच. रंग लागला की आत, आणि आत गेला की तिथेच मेला. वर पुन्हा ब्रश घासलात की कागदाची लव निघते. फोटोत वांग्याच्या कडेला जी खरखर दिसते ती तुमची चूक नाही, कागदाचं सोलणं आहे.

फुगण्याचं कारणही साधं. ओला झालेला भाग प्रसरण पावतो, शेजारचा कोरडा भाग तसाच राहतो, मग मधे उंचवटे येतात आणि रंग खळग्यांत जाऊन साचतो. कागद जाड असेल तर हे फार कमी होतं. म्हणून दुकानात गेल्यावर एकच वाक्य म्हणायचं: वॉटरकलरचा, ३०० जीएसएमचा, कोल्ड प्रेस. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. कापडाच्या वजनाचा आकडा तुम्ही ऐकला असेल, तोच हा. कोल्ड प्रेस म्हणजे किंचित रवाळ पोताचा. परवडत असेल तर शंभर टक्के सुती घ्या. ओलावा तो जास्त वेळ धरून ठेवतो आणि चुका पोटात घालतो. २२ बाय ३० इंचांचा पूर्ण कागद मिळतो. तुमच्याकडे कटिंगचं टेबल आहेच, त्यावर त्याचे आठ तुकडे करा, प्रत्येक साडेसात बाय अकराचा. दोन्ही बाजूंनी वापरा. पहिला कागद महाग वाटेल, पण कार्डशीटवर तीन महिने घालवून काय हाती आलं, त्याचाही हिशेब मांडा.

एक सावधगिरी. हातकागद म्हणून जे विकतात, फुलांच्या पाकळ्या घातलेलं, लग्नपत्रिकेचं, ते सगळं जलरंगाला चालत नाही. घ्यायच्या आधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडून बघा. मोत्यासारखा क्षणभर थांबला तर घ्या, शोषला गेला तर ठेवून द्या. दुकानदार कुरकुर करेल. करू द्या. (हातकागद बनतो सुती चिंध्यांपासून, शिंप्यांच्या आणि होजिअरीच्या कतरणींपासून. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. पुण्याला जाणं झालं तर जरूर बघा. आयुष्यभर ज्या कतरणी तुम्ही झाडून काढल्या, त्यांचं पुढे काय होऊ शकतं ते तिथे दिसेल.)

आता रंग. भारी रंग घेऊ का, विचारता. आत्ता नको. उलट आहेत त्यातले तीस काढून कपाटात ठेवा.

छत्तीस रंगांची पेटी शिकणाऱ्याचा घात करते, कारण प्रत्येक गोष्टीला तयार उत्तर देते. पानाला हिरवा, सावलीला काळा, उजेडाला पांढरा. तुमच्या वांग्यांत काळा आहे, म्हणून ती वांगी न वाटता बुटासारखी दिसतात. राग मानू नका. आणि पांढऱ्याचा दोष तुमच्याकडे नाही, आम्हा चित्रकलेच्या मास्तरांकडे आहे. एलिमेंटरीच्या तयारीत मी स्वतः वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलो, ‘उजेड दाखवायचाय? पांढरा मिसळ.’ परीक्षेपुरतं ते निभावतं. पण जलरंगाची सगळी गंमत पारदर्शकपणात आहे. उजेड रंगाच्या पातळ थरातून खाली कागदापर्यंत जातो आणि तिथून परत डोळ्यांकडे येतो. पांढरा मिसळलात की मधे भिंत उभी राहते.

तर सहा रंग: लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), क्रिम्झन (गडद लाल), बर्न्ट सिएना (विटकरी तपकिरी), अल्ट्रामरीन निळा आणि प्रशियन निळा. पेटीत यातले बहुतेक असतीलच. त्यातही पहिला महिना तीनच, म्हणजे क्रिम्झन, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. क्रिम्झन आणि अल्ट्रामरीन एकत्र करून बघा, वांगं तयार. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घाला, सावलीचा सुंदर राखाडी मिळेल, निळा जास्त तर थंड, सिएना जास्त तर उबदार. काळ्याची गरजच पडणार नाही. प्लॅस्टिकच्या पॅलेटपेक्षा पांढरी चिनी मातीची बशी बरी, रंग त्यावर खरा दिसतो आणि थेंबांसारखा गोळा होत नाही.

चिखल का होतो, तेही इथेच सांगून टाकतो. दोन रंग मिसळले की रंग होतो, तीन मिसळले की जरा जपावं लागतं, चार-पाच मिसळले की माती. पेटीतल्या स्वस्त वड्यांत एकेका नावाखाली आधीच दोन-तीन रंगद्रव्यं कालवलेली असतात. म्हणजे तुम्ही तीन मिसळताय असं वाटतं आणि प्रत्यक्षात सात मिसळले जातात. पुढे कधी ट्यूब घेतल्यात तर मागे बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीनवर पीबी २९ असं असतं. एकच क्रमांक असेल ती ट्यूब चांगली.

ब्रशांबद्दल फार काही नाही. सातांपैकी दोन ठेवा. पाण्यात बुडवून झटकल्यावर ज्याचं टोक सुईसारखं जुळतं असा दहा किंवा बारा नंबरचा गोल ब्रश, आणि एक इंची चपटा. सिंथेटिक चालतो. बारीक ब्रश मुलीला परत करा, त्यानं माणूस चित्र काढत नाही, चित्र कुरतडतो. कुणी जुना दुकानदार काउंटरखालून ‘मुंगसाच्या केसांचा, अस्सल’ म्हणून ब्रश काढेल, तो घेऊ नका. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याच्या केसांच्या ब्रशची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि या ब्रशांसाठी ते प्राणी मारले जातात.

आता घाई.

जलरंगात रंगापेक्षा पाणी सांभाळायचं असतं, आणि पाणी म्हणजे वेळ. कागद ओला केल्यापासून कोरडा होईपर्यंत चार अवस्थांतून जातो. आधी पाणी वर तळ्यासारखं उभं असतं. मग कागद नुसता चमकतो. मग चमक जाते, पण हाताची मागची बाजू जवळ नेली तर गारवा लागतो. आणि शेवटी तो पूर्ण कोरडा, गारवाही नाही. इस्त्री करताना कापडावर पाणी शिंपडून ते आंबट ओलं होईपर्यंत तुम्ही थांबता ना? चिंब असताना इस्त्री फिरवत नाही, कडकडीत वाळल्यावरही नाही. तोच अंदाज इथे लागतो, आणि तो तुमच्या बोटांत आहे, फक्त इथे तुम्ही तो वापरत नाही आहात.

दुसऱ्या अवस्थेत, कागद चमकत असताना, रंग सोडला की तो मऊ पसरतो. ढग, धुकं, लांबचे डोंगर तेव्हा करायचे. चौथ्या अवस्थेत, कोरड्यावर, कडा धारदार येतात. तिसरी अवस्था धोक्याची. कागद वरून वाळल्यासारखा दिसतो, आत ओला असतो. तुम्हाला वाटतं, इथे जरा फिकं राहिलं, एक हात मारू. ब्रशातलं पाणी कागदातल्या पाण्यापेक्षा जास्त असतं, ते शिरतं आणि अर्धवट बसलेल्या रंगाला कडेला ढकलत नेतं. तीच तुमची फुलकोबी. म्हणजे आकाश तुम्हाला जमत होतं, तुम्ही त्याला सुखानं वाळू दिलं नाहीत. तिसऱ्या अवस्थेत हात मागे. चहा टाका. ज्याला हे एक जमलं त्याचा निम्मा चिखल गेला.

त्या व्हिडिओतल्या बाईचं गुपितही इथेच आहे. तिनं पंधरा मिनिटांत घाट रंगवलेला नाही. वाळण्याचा वेळ कापून टाकलेला असतो. ती मधे हेअर ड्रायर फिरवते, कधी जेवून येते, ते आपल्याला दिसत नाही. नवशिक्याला नेमकं तेच दिसायला हवं होतं.

रंग वाळल्यावर फिके पडतात ही तक्रार मात्र कायमची. ओली साडी गडद दिसते, दोरीवर वाळली की एक छटा उतरते, तसंच. म्हणून ओलं असताना ‘जरा जास्तच गडद झालं की काय’ असं वाटेल इतका रंग घ्या. बशीत साईसारखा दाट, दुधासारखा आणि ताकाच्या निवळीसारखा, असे एकाच रंगाचे तीन पातळपणे करून शेजारी शेजारी लावा. दुसऱ्या दिवशी वाळलेले बघा. हा तक्ता टेबलासमोर चिकटवून ठेवलात तर अंदाज लवकर बसेल.

तुमच्या गावच्या हवेबद्दल बोलायलाच हवं, कारण पुस्तकांत आणि व्हिडिओंत ती नसते. मी कोकणातला. आमच्याकडे जुलैत आकाशाचा एक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, दिला की तास तास ओला राहतो. एकदा पावसाळ्यात खाडीकाठी बसून चित्र सुरू केलं, अर्ध्यावर सोडून घरी आणलं, संध्याकाळपर्यंत ते ओलंच होतं आणि रात्री त्यावरून पाल गेली. तुमच्याकडे उलटं. एप्रिल-मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी ठणठणीत, वर पंखा किंवा कूलर. वॉशचा डावा कोपरा उजव्यापर्यंत पोचायच्या आत वाळतो आणि मधे पट्टे पडतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटे सहा ते आठ बसा, पंखा बंद ठेवून. कागद मागून-पुढून दोन्हीकडे ओला करून फळीवर पसरा, मग जास्त वेळ ओला राहतो. फळीच्या वरच्या बाजूखाली एक पुस्तक सरकवून तिला थोडा उतार द्या, म्हणजे वॉशच्या खालच्या कडेला रंगाची ओली कड धरून राहते आणि तिला ओढत खाली आणता येतं. कूलरसमोर मात्र बसूच नका.

पांढऱ्याचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण वांग्यावरची चकाकी बघून तो पडला असणार. पांढरा म्हणजे कागद. तो रंगवायचा नसतो, राखायचा असतो. शिवणीत तुम्ही माया, म्हणजे कडेचं जादा कापड, सोडता, ती आधीच ठरवून. कापल्यावर माया आणता येत नाही. तसंच, रंगाला हात लावण्याआधी पेन्सिलीनं हलकंसं खूण करून ठेवा की इथला पांढरा मी सोडणार. रबर कमी चालवा, त्यानं खळ निघते.

सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ तुम्ही नक्की पाहिलं असेल, नाव माहीत नसलं तरी. हातात दिवा घेतलेली, दुसऱ्या हातानं ज्योतीला आडोसा करणारी स्त्री. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंगातलं समजतात. दोन्ही चूक. काढलं सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांनी, समोर बसली होती त्यांची स्वतःची मुलगी, आणि ते जलरंगात आहे. बोटांच्या फटींतून जो लालसर उजेड पाझरतो तो बघा. भोवतालचा अंधार इतका गडद आहे, म्हणून उजेड पेटलाय. तुमच्या सूर्यास्तात सूर्य पिवळाजर्द आहे आणि आकाशही तितकंच भडक, मग सूर्यानं उठून दिसावं कसं? पुढच्या वेळी जमीन आणि झाडं घाबरल्याशिवाय गडद करा, सूर्य कोरा सोडा.

क्लासबद्दल. शिकवणारा समोर बसून स्वतः रंगवून दाखवत असेल, आणि तुमच्या कागदावर ब्रश न चालवता तोंडानं सांगत असेल, तर लावा. भिंतीवर सगळ्या विद्यार्थ्यांची तीच होडी, तोच नारळ, तोच सूर्य दिसला तर जिना उतरून घरी या. आणि लगेच लावायची गरज नाही. आधी हा एक महिना घरी करा.

महिनाभर देखावा काढू नका. घाट नको, धबधबा नको. पहिले आठ दिवस नुसते वॉश द्या: एकसारखा सपाट, आणि वरून गडद खाली फिका होत जाणारा. कंटाळवाणं आहे, कबूल. काज करायला शिकताना किती चिंध्या वाया घालवल्या होत्या, आठवा. मग तुमच्याच शिवणाच्या सामानातलं एक दोऱ्याचं रिळ घ्या, सकाळच्या खिडकीशी ठेवा, म्हणजे उजेड एका बाजूनं येईल. एकाच रंगात काढा, बर्न्ट सिएनात. तीन छटा: उजेड म्हणजे कोरा कागद, मधली, आणि सावली. रिळ गोल वाटलं पाहिजे, बस्स. रोज एक. दोऱ्याचे पदर मोजत बसू नका. डोळे अर्धे मिटून बघितलंत तर बारकावे जातात आणि मोठे आकार उरतात, तेवढेच रंगवा.

त्यानंतर परत वांगी. या वेळी एकच वांगं, काळ्याशिवाय, चकाकी राखून, आणि खालची सावली वांगं पूर्ण वाळल्यावर. थंडीत गुडघा साथ देत असेल तर बाळापूरला एक चक्कर मारा. मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, म्हणजे कमानींचा मंडप, आहे तिथे. कमानींच्या आत गार सावली आणि बाहेर दगडावर ऊन, असा विषय आयता मांडून ठेवलेला. पण ते डिसेंबरात.

पहिल्या पाच रिळांचे फोटो पाठवा, बिघडलेलीही. आणि प्रत्येक कागदाच्या मागे लिहून ठेवा: तारीख, वेळ, पंखा चालू होता की बंद.